मूडल, चार जीबीचा लॅपटॉप आणि गेलेली लाइन

मेळघाटची_मास्तरीण (३ मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. धारणी तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. शाळेकडे अकरा टॅब आहेत आणि ते कपाटात पडून आहेत, कारण गावात नेट म्हणजे टेकडीवरच्या चिंचेखाली दोन काड्या. म्हटलं आपल्या लॅपटॉपवरच मूडल (धडे देण्याची आणि चाचण्या घेण्याची साइट) बसवू, वर्गातल्या वर्गात टॅब जोडू, चाचण्या घेऊ. नेट नकोच.

एवढंच असतं तर विचारलं नसतं. एका प्रशिक्षणात पाहिलं की संख्यात्मक प्रश्नाचं उत्तर मराठी आकड्यांत लिहिलं की मूडल चूक धरतं आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलं की बरोबर. आमचं पुस्तक मराठी आकड्यांचं, फळा मराठी आकड्यांचा. पोरांनी एका चाचणीसाठी आकडे का बदलायचे? मला ते बदलायचंय. म्हणजे नुसतं बसवायचं नाही, आतून थोडं उसवायचंही आहे, आणि ते घरी बसून, कोणाचं काही न बिघडवता.

परतवाड्याला भावाकडे जाऊन एक्सएम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच) आणि मूडल ४.५ पेनड्राइव्हवर आणलं. बसवताना एक तर 'इंटल' नावाचं काहीतरी नाही म्हणालं. ते कसंबसं झालं तर म्हणे तुमचा मारियाडीबी (डेटाबेस) १०.४.३२ आहे, किमान १०.६.७ पाहिजे. दोन रविवार गेले.

लॅपटॉप: विंडोज १०, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, बॅटरी वीस मिनिटं. पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) थोडं येतं, पोटापुरतं. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर वेळ आहे. काय करू?

तर्रीपोहे (३ मे, रात्री ९.५८)

दोन रविवार गेले म्हनता? आमच्या इकडं एका सरांचे दोन उन्हाळे गेले नं ताई, अन् शेवटी त्यायनं त्या लॅपटॉपवर पोट्ट्यायले कॅरम खेळू देल्ला.

सेमिकोलन (३ मे, रात्री १०.२०)

मूळचा अकोल्याचा, आता पुण्यात, रोजचं काम हेच.

एक्सएम्प सोडा. मूडलच्या मंडळींनी स्वतः डॉकरसाठी (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवायचं साधन) एक संच करून ठेवलाय, मूडल-डॉकर नावाचा. तुम्ही फक्त दोन गोष्टी सांगायच्या: मूडलचा कोड कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि डेटाबेस कुठला हवा. बाकी पीएचपी, डेटाबेस, खोटी ईमेल पेटी, सगळं आपोआप उभं राहतं आणि ८००० नंबरच्या पोर्टवर साइट उघडते. बिघडलं की पाडायचं, परत उभं करायचं. आवृत्त्यांची भांडणं संपली.

विंडोजवर डॉकर चालवायला डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) लागेल आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागेल. एक लक्षात ठेवा: कोड सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचायचा नाही, लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवायचा. मूडलमध्ये हजारो बारीक फायली आहेत, त्या पलीकडून वाचताना पान उघडेपर्यंत चहा होतो.

मेळघाटची_मास्तरीण (३ मे, रात्री १०.३१)

सेमिकोलन, आभार. पण चार जीबीत विंडोज, त्यात लिनक्स, त्यात डॉकर? आणि ते 'आपोआप उभं राहतं' म्हणजे नेटवरून उतरतं ना?

सेमिकोलन (३ मे, रात्री १०.३४)

हो, पहिल्यांदा काही जीबी उतरतील. नंतर लागत नाही. चार जीबीत… चालेल, पण कण्हत.

आबा_दर्यापूर (४ मे, पहाटे ५.१५)

चिंचेखाली दोन काड्यांवर काही जीबी. पोरी, तू आणि चिंच दोघी म्हाताऱ्या व्हाल.

खामगावकर (४ मे, सकाळी ७.१०)

मी एक्सएम्पवरच काम करतो आणि माझं बरं चाललंय, म्हणून त्याची बाजू घेतो.

मॅडम, तुमचं ऐंशी टक्के झालेलं आहे. पीएचपी.आयएनआय ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल उघडा. त्यात एक्स्टेंशनच्या ओळींच्या आधी अर्धविराम आहेत. इंटल, जीडी, झिप, सोप, सोडियम या पाच ओळींचे अर्धविराम काढा. 'मॅक्स इनपुट व्हार्स' शोधून ५००० करा. अपाची (वेब सर्व्हर) बंद करून परत सुरू करा. मूडलडेटा हे चढवलेल्या फायलींचं फोल्डर एचटीडॉक्सच्या (ब्राउझरला दिसणाऱ्या फोल्डरच्या) आत ठेवू नका, बाहेर ठेवा. आत ठेवलं तर मुलांनी जमा केलेली फाइल कोणीही ब्राउझरमधून उघडू शकतो.

आता मारियाडीबी. एक्सएम्पच्या शेवटच्या आवृत्तीतही १०.४.३२ च येतो, तुमची चूक नाही. मग एक्सएम्पचा डेटाबेस सुरूच करायचा नाही. मारियाडीबी १०.११ वेगळा उतरवा, साध्या विंडोज प्रोग्रामसारखा बसतो, बसवताना पोर्ट ३३०६ ऐवजी ३३०७ द्या. मूडलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, कॉन्फिग.पीएचपीमध्ये, डीबीपोर्ट म्हणून तोच आकडा. झालं. डेटाबेस तयार करताना यूटीएफ८एमबी४ ही अक्षरपद्धत निवडा.

नाहीतर मूडल ४.१ घ्या, त्याला १०.४ चालतो. पण त्याची पीएचपीची मर्यादा ८.१ पर्यंत आहे, म्हणजे एक्सएम्पही जुना आणावा लागेल.

सेमिकोलन (४ मे, सकाळी ९.०२)

४.१ नको. त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या डिसेंबर २०२५ लाच थांबल्या. आज नवं काम सुरू करताना मेलेली आवृत्ती कशाला?

खामगावकर (४ मे, सकाळी ९.१५)

नेटच नाही तिथे कोण येतंय हल्ला करायला? बिबट्या?

तर्रीपोहे (४ मे, सकाळी ९.२२)

आठवीतले पोट्टे.

मेळघाटची_मास्तरीण (४ मे, सकाळी ९.४०)

तर्रीपोहे बरोबर बोलले 😄 माझ्या एका विद्यार्थ्याने टॅबचा पासवर्ड कव्हरवरच्या बोटांच्या डागांवरून ओळखला होता.

झाडीपट्टी (४ मे, दुपारी १.३०)

गडचिरोलीकडचा आहे, आरमोरीच्या पुढे. आमच्या शाळेत हे तीन वर्षं चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे जण तुम्हाला 'डेव्हलपरचा लॅपटॉप' कसा बसवायचा ते सांगतायत. शहरात लोकल म्हणजे सराव, खरी साइट दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. तुमच्याकडे लोकल हीच खरी साइट आहे. अकरा पोरं समोर बसणार, त्यांची उत्तरं त्याच डब्यात साठणार. म्हणून डबा निवडताना 'काय सोपं' यापेक्षा 'लाइन गेल्यावर काय उरतं' ते बघा.

पहिली गोष्ट, विंडोज काढून उबंटू २२.०४ टाका, वर हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. नवी आवृत्ती मुद्दाम सांगत नाहीये. २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ आणि मारियाडीबी १०.६ त्याच्या स्वतःच्या भांडारातून येतात आणि मूडल ४.५ ला नेमकं किमान एवढंच लागतं. जोडे पायाचेच आहेत, उगाच मापं बदलू नका. तिची साथ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. परतवाड्याला नेट आहे तेव्हा सगळी पॅकेजं एकदा एपीटी-गेटने उतरवून घ्या, ती व्हार-कॅश-एपीटी-अर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये साठतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. मशीन बसलं तर चिंचेखाली जायची गरज नाही.

(आज्ञा आणि फोल्डर देवनागरीत लिहिताना माझंच मला हसू येतंय. टाइप करताना इंग्रजीत करा बाप्पा.)

गिटने (कोड उतरवायचं साधन) मूडल आणणार असाल तर 'डेप्थ १' द्या आणि फक्त ४०५-स्टेबल ही शाखा घ्या. नाहीतर मूडलचा सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास उतरतो. मूडल २००२ पासून आहे, इतिहास बराच आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची, आणि इथेच आम्ही आपटलो. मी घरी बसून सगळं केलं, कॉन्फिगमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट (साइटचा पत्ता) म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') लिहिलं. लॅपटॉपवर छान चाललं. शाळेत नेलं, टॅबवर लॅपटॉपचा आयपी टाकला, पान क्षणभर हललं आणि 'साइट सापडत नाही'. तासभर वायफायला शिव्या दिल्या. झालं असं होतं की मूडल प्रत्येकाला आपल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूटवर पाठवतं. टॅबला ते सांगत होतं 'लोकलहोस्टवर जा', आणि टॅबचं लोकलहोस्ट म्हणजे टॅब स्वतःच!

मग फोनच्या हॉटस्पॉटचा आयपी लिहिला. तो पुढच्या आठवड्यात बदलला. शेवटी एका मास्तरांच्या घरी पडलेला जुना राउटर आणला. त्यात सिम नाही, केबल नाही, नेट नाही. राउटरला नेट लागतच नाही, तो फक्त टॅब आणि लॅपटॉप एकमेकांना जोडतो. त्याच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपला १९२.१६८.०.१० हा पत्ता कायमचा राखून ठेवला, कॉन्फिगमध्ये तोच लिहिला. तेव्हापासून बदललेला नाही. टॅब कुरकुर करतात की 'या वायफायला इंटरनेट नाही', तिथे 'तरीही जोडलेलं ठेवा' दाबायचं.

घरी काम करतानाही तोच राउटर लावा. पत्ता पहिल्या दिवसापासून एकच ठेवा. नंतर बदलला तर धड्यांत चिकटवलेली चित्रं जुन्या पत्त्यावर शोधली जातात. मूडलमध्ये शोधा-बदला करायचं साधन आहे, पण बॅकअप न घेता त्याला हात लावू नका.

जेवून येतो, पुढचं नंतर.

तर्रीपोहे (४ मे, दुपारी १.४१)

काय जेवण हाय?

झाडीपट्टी (४ मे, दुपारी २.२५)

भात, आणि डोळे मिटेपर्यंत कूलर. ४५ डिग्री आहे.

तिसरी गोष्ट लाइन. आमच्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण मेलेली होती, म्हणजे तो डेस्कटॉपच. चाचणी चालू असताना लाइन गेली आणि डेटाबेस उठेना. आमचा राउटर १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटी बॅटरी पुरते. पण लॅपटॉपला नवी बॅटरी घ्याच. टॅबचा विमा एक वेळ राहू द्या.

खामगावकर (४ मे, दुपारी ३.००)

एक्सएम्पवरही हेच होतं. 'मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' हे वाक्य माझ्या बायकोलाही पाठ झालंय. उपाय: डेटा फोल्डरचं नाव बदलून ठेवा, बॅकअप फोल्डरची प्रत 'डेटा' नावाने करा, त्यात आपल्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१ ही फाइल जुन्यातून आणून टाका. दहापैकी आठ वेळा उठतं.

सेमिकोलन (४ मे, दुपारी ३.२०)

आणि उरलेल्या दोन वेळा? हा उपाय नाही हो, पट्टी आहे. रोज संध्याकाळी मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत) घ्या. आणि नुसता डेटाबेस म्हणजे बॅकअप नाही. तीन गोष्टी एकत्र लागतात: डेटाबेस, मूडलडेटा आणि कोड. एक नसली तर उरलेल्या दोन अडगळ.

बाकी झाडीपट्टी यांच्या पोस्टपुढे मी डॉकरचा हट्ट सोडतो. माझ्या मशीनला सोळा जीबी आहे, मला रॅमची किंमत कळत नाही.

एकच जोडतो. विकासाची प्रत वेगळी आणि वर्गाची प्रत वेगळी ठेवा. एकाच लॅपटॉपवर चालतील, पण फोल्डर, डेटाबेस आणि मूडलडेटा तिन्ही वेगळे. विकासाच्या प्रतीत डीबगिंग (चुका दाखवायची सोय) 'डेव्हलपर'वर ठेवा, थीम डिझायनर मोड चालू ठेवा. वर्गाच्या प्रतीत दोन्ही बंद, नाहीतर तो लॅपटॉप अकरा टॅबांखाली बसेल.

आकड्यांसाठी मूळ संख्यात्मक प्रश्नप्रकाराच्या कोडला हात लावू नका, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल. स्वतःचा प्रश्नप्रकार करा, मूळ प्रश्नप्रकाराच्या कोडचा वारसा घ्या (म्हणजे बाकी सगळं त्याचंच वापरा), फक्त उत्तर तपासायच्या आधी आकडे बदला. व्हर्जन.पीएचपीमध्ये दहा आकडी तारीख-क्रमांक असतो, डेटाबेसमध्ये काही बदललं की तो वाढवायचा. आणि कोड बदलून परिणाम दिसेना झाला की डोकं आपटण्याआधी मूडलची कॅश (तात्पुरती साठवण) रिकामी करा.

वऱ्हाडी_वाचक (५ मे, सकाळी १०.१०)

हे सगळं कायले? कोलिब्री टाका. ऑफलाइन शाळांसाठीच बनवलेलं हाय, विंडोजवर बसते, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बी बसते. मारियाडीबी नाही, अपाची नाही, काही नाही.

मेळघाटची_मास्तरीण (५ मे, सकाळी १०.३०)

पाहिलंय, आणि धडे दाखवायला ते मूडलपेक्षा बरं आहे. पण मला माझे प्रश्न, माझ्या पद्धतीने तपासलेले हवेत. शिवाय एक लोभ आहे. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त पोरं घरी कोरकू बोलतात. मूडलची बटणं तरी त्यांना त्यांच्या भाषेत दिसावीत.

आबा_दर्यापूर (५ मे, सकाळी ११.००)

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी नातं नाही, गोंडीशीही नाही. गोंडी द्रविडी. सातपुड्याच्या एका डोंगरात तीन कुळांच्या भाषा बोलल्या जातात आणि आपण एका 'सबमिट'साठी इंग्रजी शिकवतो.

झाडीपट्टी (५ मे, सकाळी ११.२०)

आमच्याकडे हाच विचार गोंडीसाठी चालू आहे. मूडलमध्ये सोय आहे. मूडलडेटाच्या लँग फोल्डरमध्ये नव्या भाषेचं फोल्डर करायचं, त्यातल्या लँगकॉन्फिगमध्ये 'पॅरेंट लँग्वेज' म्हणून मराठी लिहायचं. जेवढे शब्द तुम्ही लिहिले तेवढे कोरकूत, उरलेले मराठी भाषासंचातून. म्हणजे सगळं भाषांतर एकदम करावं लागत नाही. वीस बटणांपासून सुरुवात करा. शब्द मात्र पोरांच्या आज्यांना विचारून लिहा, पोरं मुद्दाम चुकीचे सांगतात. अनुभव आहे.

मेळघाटची_मास्तरीण (१८ मे, रात्री ८.१५)

प्रगती कळवते. उबंटू बसलं, मूडल बसलं, राउटर मिळाला. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली, लॅपटॉप माणसात आला.

पण जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या तर सगळं विचित्र अक्षरांत! आणि आयकेन पद्धतीने (साध्या मजकूर-फाइलमधून) चढवलेले प्रश्न एकही घेतले नाहीत.

खामगावकर (१८ मे, रात्री ८.४०)

पहिलं: त्या प्रश्नपत्रिका कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या असणार. तो फॉन्ट आहे, युनिकोड नाही. परिवर्तकातून काढा आणि मग डोळ्यांनी वाचा, र्‍ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

दुसरं: पर्यायांना अ, ब, क, ड दिलंत का?

मेळघाटची_मास्तरीण (१८ मे, रात्री ८.४४)

हो. मग काय देणार?

खामगावकर (१८ मे, रात्री ८.५०)

आयकेनला फक्त इंग्रजी मोठी अक्षरं कळतात, आणि उत्तराच्या ओळीतला 'आन्सर' हा शब्दही इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. प्रश्न नि पर्याय मराठीत असू द्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. पोरांना पडद्यावर अ-ब-क-ड दाखवायचं असेल तर बघा, पर्यायांची अक्षरं भाषासंचातून बदलता येतात का.

आबा_दर्यापूर (१९ मे, पहाटे ५.३०)

पोरी, एक बावळट प्रश्न. मी निवृत्त माणूस, तीस वर्षांपूर्वी कोबोल लिहायचो. तू तो नवा प्रश्नप्रकार, वारसा वगैरे करते आहेस. पण मराठी आकडा टाइप होतो तेव्हाच तो इंग्रजी करून टाकला तर? युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ वर आहे, नऊ २४१५ वर. साधा शून्य ४८ वर. प्रत्येकातून २३५८ वजा केले की झालं. मूडलमध्ये 'अतिरिक्त एचटीएमएल' नावाची एक सेटिंग आहे ना, तिथे पाचसहा ओळींची जावास्क्रिप्ट.

सेमिकोलन (१९ मे, सकाळी ८.४५)

…

आबा, साष्टांग. मी 'वारसा घ्या' सांगून मोकळा झालो होतो. एकच तोटा: पोराच्या डोळ्यांसमोर त्याचा मराठी आकडा इंग्रजी होताना दिसेल. तो टाळायचा असेल तर टाइप करताना नाही, 'जमा करा' दाबल्यावर बदला. तरी पुनरावलोकनाच्या पानावर इंग्रजीच दिसेल.

मेळघाटची_मास्तरीण (१९ मे, सकाळी ९.१०)

म्हणजे एवढी यातायात कशासाठी केली मी?

झाडीपट्टी (१९ मे, सकाळी ९.३०)

त्या पाच ओळी तुम्ही कुठे तपासून बघणार होतात? वर्गात?

तर्रीपोहे (१९ मे, सकाळी ९.३३)

आबा, कोबोलवाले असेच रायले तं आमच्या पोटापान्याचं काय हो.

मेळघाटची_मास्तरीण (४ जुलै, रात्री ९.०५)

शाळा सुरू झाली, धागा वर काढते. काल पहिली चाचणी झाली. सहावीचा वर्ग, अकरा टॅब, दोन-दोन पोरं एका टॅबवर. बाहेर पाऊस, लाइन दहाव्या मिनिटाला गेली. नव्या बॅटरीने तास काढला, राउटर झाडीपट्टी यांच्या सांगण्याप्रमाणे छोट्या बॅटरीवर. कोणाचं काही गेलं नाही.

'जमा करा' दाबल्यावर आकडे बदलतात, पोरांना कळलंही नाही. मात्र पुनरावलोकनात इंग्रजी आकडे पाहून एकीने विचारलं, "मॅडम, हे मी लिहिलंच नव्हतं." तिचं बरोबर आहे. म्हणून स्वतःचा प्रश्नप्रकार विकासाच्या प्रतीत सुरूच ठेवलाय, दिवाळीपर्यंत बघू. कोरकूची चौदा बटणं झाली, एका आजीने दोन दुरुस्त केली.

एका पोराने उत्तराच्या चौकटीत अक्षरांत 'पंचवीस' लिहिलं. मूडलने चूक दिलं, मी वहीत बरोबर दिलं.

एक राहिलं. वेळ संपूनही तीन जणांचे प्रयत्न 'चालू' असेच दिसतायत, गुण येत नाहीत.

झाडीपट्टी (४ जुलै, रात्री ९.२०)

क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) लावलं नाही ना? वेळ संपलेले प्रयत्न तोच बंद करतो. क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाला ॲडमिन-सीएलआय-क्रॉन.पीएचपी चालवा, वेब सर्व्हरच्या नावाने, रूटच्या नाही. आत्ता एकदा हाताने चालवून बघा, तिघांचे गुण येतील.

मेळघाटची_मास्तरीण (४ जुलै, रात्री ९.३८)

आले. दोघं पास.